आदरांजली आधी अंगठ्यात उतरू दे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२४ साली बियॉन्सेचे ‘टेक्सस होल्ड एम’ जगभर वाजले. त्याच्या सुरुवातीलाच जे वाद्य खणखणते तो पाच तारांचा बँजो आहे, आणि तो वाजवला आहे नॉर्थ कॅरोलिनाच्या रियानॉन गिडन्सने. त्याच वर्षअखेरीस बॉब डिलनच्या उमेदवारीच्या दिवसांवरचा चित्रपट आला आणि वुडी गथ्री, पीट सीगर ही नावे आपल्याकडे गिटार शिकणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी आली. याचा आनंद आहे. पण या गाण्यांना ‘ट्रिब्यूट’ म्हणून जे बसवले जाते त्याची रीत बहुतेक वेळा ठरलेली असते. नेटवरून शब्द आणि कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) उतरवायचे, सगळ्या तारांवर वर-खाली हात मारायचा आणि खाली ‘पारंपरिक अमेरिकन लोकगीत’ असे लिहून टाकायचे. ज्यांना आदरांजली वाहायची त्यांचा ना हात त्यात येतो, ना नाव. हे दोन्ही आणता येते. ज्या आजच्या कलावंतांनी ते आणले त्यांनी नेमके काय केले आणि शिकणाऱ्याचे कुठे चुकते, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी नावाबद्दल. आपल्या अभंगात ‘तुका म्हणे’ येते, लावणीत होनाजी बाळा आणि राम जोशी स्वतःचे नाव गुंफतात, पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपली ओळख देतो. रचना शंभर तोंडांतून गेली तरी कर्ता तिच्या आतच बसलेला असतो. अमेरिकन लोकगीतांत नाममुद्रेची ही सोय नाही. गाणी गावोगाव फिरली आणि कर्ते मागे राहिले, कधी नकळत, तर कधी दुसऱ्या कोणी आपले नाव लावले म्हणून. त्यामुळे कर्त्याचे नाव घेण्याचे काम तिथे गाणाऱ्यावरच येते. आपल्याकडे उस्तादांचे नाव निघाले की हात आपोआप कानाच्या पाळीला जातो, तितक्या सहजपणे ते व्हायला हवे.

एलिझाबेथ कॉटन यांचे उदाहरण घ्या. नॉर्थ कॅरोलिनातल्या कारबरो गावच्या या कृष्णवर्णीय बाई डावखुऱ्या. लहानपणी घरकाम करून साठवलेल्या पैशांतून त्यांनी ३ डॉलर ७५ सेंटची स्टेला गिटार घेतली आणि तारा न बदलता तीच उलटी धरली. त्यामुळे खर्जाच्या जाड तारा जमिनीकडे आल्या आणि बारीक तारा हनुवटीकडे. बाकीचे अंगठ्याने खर्ज धरतात आणि बोटांनी सुरावट वाजवतात. कॉटनबाई तर्जनीने खर्ज धरत आणि अंगठ्याने सुरावट काढत. ‘फ्रेट ट्रेन’ (मालगाडी) हे गाणे त्यांनी किशोरवयात रचले, पुढे कित्येक दशके गिटारला हात लावला नाही, आणि सीगर कुटुंबाच्या घरी कामाला असताना पुन्हा वाजवू लागल्या. त्यांची पहिली तबकडी १९५८ ची, फोकवेज कंपनीची. माइक सीगर यांनी ती मुद्रित केली होती.

हे गाणे उजव्या हाताने वाजवणाऱ्याने कसे बसवावे? कॉर्ड सोपे आहेत. सी मध्ये धरले तर पहिल्या ओळीत दोन मात्राखंड सी आणि दोन जी-सेव्हन, दुसऱ्या ओळीत दोन जी-सेव्हन आणि दोन सी, तिसऱ्या ओळीत दोन ई आणि दोन एफ, शेवटच्या ओळीत एक सी, एक जी-सेव्हन आणि दोन सी. एकूण १६ खंड, प्रत्येकी चार ठोके, म्हणजे एका आवर्तनात अंगठ्याचे ६४ ठोके. सी वर अंगठा पाचवी-चौथी-पाचवी-चौथी तार असा फिरतो. जी-सेव्हन आणि ई वर सहावी-चौथी. एफ पूर्ण बार धरून (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) वाजवू नका, चार तारांचा छोटा एफ पुरतो आणि त्यात अंगठा चौथी-तिसरी असा फिरतो. पहिले तीन-चार दिवस फक्त अंगठा चालवा. मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा, तोंडाने कोणाशी तरी बोलत राहा आणि बोलताना अंगठा अडखळत नाही ना ते पाहा. मग सुरावटीचे जे स्वर ठोक्यावरच येतात तेवढे बोटांनी घाला. अंगठा आणि बोट एकदम चिमटीसारखे पडतात. दोन ठोक्यांच्या मधले स्वर सगळ्यात शेवटी.

इथेच बहुतेकांची गाडी घसरते. मधला स्वर आला की अंगठाही त्याच्याबरोबर उडी मारतो आणि ठेका लंगडतो. दुसरी अडचण तिसऱ्या ओळीत ई वरून एफ वर जाताना येते. डावा हात वेळेवर पोचत नाही म्हणून उजवा अंगठा थांबतो. थांबू देऊ नये. डावा हात उशिरा पोचला तर एखादी मोकळी तार वाजू दे, पण ठोका पडलाच पाहिजे. तिसरी गोष्ट नादाची आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची. कॉटनबाईंची सुरावट अंगठ्याच्या मांसल भागातून निघायची, म्हणून ती भरीव आहे. खर्ज तर्जनीतून यायचा, म्हणून तो हलका आणि उसळता आहे. आपण सरळ धरून वाजवतो तेव्हा हे उलटे होते, खर्ज ढम्म आणि सुरावट किरकिरी. त्यावर उपाय असा की उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ (तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्याजवळ) खर्जाच्या तारांवर अगदी हलकी टेकवायची आणि सुरावट नखाने न काढता बोटाच्या पेराने काढायची. एवढे जमले की तेच गाणे एकदम त्यांच्या घरातले वाटू लागते.

आता नावाचा भाग. पेगी सीगर यांनी हे गाणे इंग्लंडात नेले आणि १९५७ मध्ये तिथल्या एका स्किफल (साध्या, घरगुती वाद्यांवरचे लोकसंगीत) गटाने ते गाजवले. तबकडीवर कर्ते म्हणून भलतीच नावे लागली. सीगर कुटुंबाने पाठपुरावा केल्यावर कॉटन हे नाव आले. वयाच्या नव्वदीच्या घरात, १९८५ मध्ये, त्यांना ग्रॅमी मिळाले आणि २०२२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांची नोंद झाली. इतका सगळा इतिहास उपलब्ध असताना आजही कितीतरी व्हिडिओंखाली ‘पारंपरिक’ लिहिलेले दिसते, याचे फार वाईट वाटते.

कॉटनबाईंच्या अगदी उलट हात मेबेल कार्टर यांचा. १९२७ च्या ऑगस्टमध्ये टेनेसीच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पीअर यांनी कार्टर कुटुंबाची पहिली गाणी मुद्रित केली, तेव्हा मेबेलबाई १८ वर्षांच्या होत्या. त्या अंगठ्याने खर्जाच्या तारांवर सुरावट वाजवत आणि दोन स्वरांच्या मध्ये तर्जनीच्या नखाने वरच्या सुरांच्या बारीक तारांवर खाली झाडू मारल्यासारखा हात फिरवत. एकच गिटार गायकी आणि ठेका दोन्ही सांभाळते. शिकताना पहिल्या ठोक्याला सुरावटीचा स्वर आणि दुसऱ्याला झाडू, असे मोजा. झाडू पहिल्या स्वरापेक्षा हळू हवा. तो जोरात पडला की सुरावट बुडते, आणि नवशिक्याचे नेमके हेच होते. या वादनाला ‘कार्टर स्क्रॅच’ म्हणतात. पण मेबेलबाईंचे नाव घेताना लेस्ली रिडल यांचेही घ्यायला हवे. किंग्जपोर्टचे हे कृष्णवर्णीय गिटारवादक त्याच कुटुंबातल्या ए. पी. कार्टर यांच्याबरोबर गाणी गोळा करत फिरत. कार्टर शब्द उतरवून घेत, रिडल चाल लक्षात ठेवत. मेबेलबाईंनी वादनातल्या काही गोष्टी त्यांच्याकडूनच उचलल्या. तबकड्यांवर मात्र रिडल कुठेच नाहीत.

आदरांजलीचा आमच्या मते सर्वोत्तम नमुना १९७१ चा आहे. निटी ग्रिटी डर्ट बँड या कॅलिफोर्नियाच्या केसाळ तरुणांनी नॅशव्हिलमध्ये मेबेल कार्टर, डॉक वॉटसन, मर्ल ट्रॅव्हिस, अर्ल स्क्रग्ज, रॉय एकफ या ज्येष्ठ वादक-गायकांना एकाच खोलीत बसवले आणि सहा दिवसांत तीन तबकड्यांचा संच थेट दोन ट्रॅकवर मुद्रित केला. दोन ट्रॅकवर म्हणजे नंतर दुरुस्तीला जवळजवळ वावच नाही. वाजले ते वाजले. गाण्यांच्या मधले बोलणेही त्यांनी ठेवले, त्यामुळे सूर कुठला घ्यायचा, कोण आधी वाजवणार, हे ज्येष्ठांच्या तोंडून ऐकू येते. हल्लीच्या बऱ्याच ट्रिब्यूट अल्बममध्ये प्रत्येक नामवंत आपापल्या शहरात आपापला तुकडा मुद्रित करून पाठवतो. नावे मोठी असतात, पण गाणी एकमेकांशी बोलत नाहीत.

लोकगायक लेड बेली यांच्या बाबतीत वाद्याचाच प्रश्न येतो. हडी लेडबेटर हे त्यांचे खरे नाव; लुइझियानात जन्म, १९३३ मध्ये तिथल्याच अँगोला नावाच्या तुरुंगात असताना लोकगीते गोळा करणारे जॉन आणि ॲलन लोमॅक्स यांनी त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण केले, १९४९ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये निधन. पुढच्याच वर्षी वीव्हर्स या गटाने त्यांचे ‘गुडनाइट आयरीन’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले. ते यश त्यांना पाहायला मिळाले नाही, आणि कर्त्यांच्या नावात जॉन लोमॅक्स यांचेही नाव जोडलेले होते. त्यांची गिटार बारा तारांची स्टेला, लांब दांड्याची, आणि नेहमीपेक्षा चार-पाच अर्धस्वर खाली लावलेली. तिचा तो घंटेसारखा, जमिनीतून आल्यासारखा नाद याच उतरत्या जुळणीमुळे येतो.

आजची दुकानातली बारा तारांची गिटार घेऊन तो नाद काढायचा असेल तर नुसत्या खुंट्या सैल करून भागत नाही. पातळ तारा चार अर्धस्वर उतरवल्या की लोंबतात, फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या धातूपट्ट्यांवर) खडखडतात आणि दाबताना सूर वर चढतो. म्हणून जाड संच घ्यावा लागतो. पहिल्या जोडीच्या तारांची जाडी एका इंचाचे १३ किंवा १४ हजारांश आणि सहाव्या जोडीतल्या जाड तारेला ५६ ते ६०, असा अंदाज ठेवा. जाड तारा नटच्या (दांड्याच्या टोकाच्या खाचा असलेल्या पट्टीच्या) खाचेत अडकतात, तेव्हा खाचा कारागिराकडून रुंद करून घ्या. स्वतः कानस मारली आणि खाच खोल गेली तर नट बदलण्यावाचून इलाज राहत नाही. खर्जाकडच्या चार जोड्यांत एक तार एक सप्तक वरची असते, बारीक तारांच्या दोन जोड्या एकाच सुराच्या. तिसऱ्या जोडीतली वरच्या सप्तकाची बारीक तार सगळ्यात आधी तुटते, ती जादा आणून ठेवा. आणि याच जाड तारा चुकूनही नेहमीच्या उंच सुरात लावू नका. हलक्या संचालाच नेहमीच्या सुरात शंभर किलोंहून जास्त ताण येतो. जाड संचाने ब्रिज उखडून येतो. खाली लावल्यावर दांड्याचा बाक बदलतो, तेव्हा एक दिवस तशीच ठेवून मग ट्रस रॉड (दांड्याच्या आतली, बाक सांभाळणारी सळई) पाव फेऱ्याने फिरवा, एका दमात जास्त नको. वादनात खर्जाची चाल महत्त्वाची आहे. श्रीव्हपोर्टच्या फॅनिन स्ट्रीटवरच्या पियानोवादकांच्या डाव्या हातातून ती उचलल्याचे लेड बेली सांगत. अंगठ्यात पिक घालून ती एकेक स्वर पायऱ्या उतरल्यासारखी वाजवायची असते. सगळ्या जोड्यांवर एकदम हात मारला की बारा तारांचा नुसता गोंगाट होतो.

कर्ट कोबेनने यातले काहीच केले नाही, तरीही त्याची आदरांजली खरी आहे. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला एमटीव्हीच्या कार्यक्रमात त्याच्या निर्वाणा या रॉक गटाने शेवटचे गाणे लेड बेली गात ते ‘व्हेअर डिड यू स्लीप लास्ट नाइट’ घेतले. गिटार सहाच तारांची, सूर अर्धा उतरवलेला, कॉर्ड चारच, ई, ए, जी, बी. पण त्याने दोन गोष्टी पाळल्या. मंचावर लेड बेली यांचे नाव घेऊन ते आपले आवडते कलाकार असल्याचे सांगितले, आणि गाण्याचा तीनचा झोका मोडला नाही. हे गाणे बसवताना आपल्याकडची मुले ते सरसकट चारच्या ठेक्यात वाजवतात आणि त्यातला सगळा हेलकावा जातो. दादऱ्याची सवय असलेल्या कानाला तीनचे गणित अवघड जाऊ नये. एक-दोन-तीन मोजा, एकवर फक्त खर्ज, दोन आणि तीनवर वरच्या तारा. शेवटच्या कडव्यात कोबेन एक सप्तक वर जातो. त्यासाठी आधीची सगळी कडवी दाबून, जवळजवळ बोलल्यासारखी म्हणावी लागतात. सुरुवातीपासून ओरडले तर शेवटी जायला जागाच उरत नाही. आणखी एक, हे गाणे लेड बेली यांनी रचलेले नाही. ॲपलाशियन डोंगरांतले ते जुने गाणे आहे आणि त्यांच्याआधीही इतरांनी ते मुद्रित केले होते. तेव्हा इथे ‘पारंपरिक’ हा शब्द बरोबर आहे, पण त्यापुढे ‘लेड बेली यांच्या वळणाने’ असे लिहिले पाहिजे.

आता बँजो. मराठी वाचकासाठी आधी एक खुलासा आवश्यक आहे. आपल्या वरातीत आणि गणपतीत ‘बँजो पार्टी’ वाजवते तो बँजो म्हणजे कळा दाबून वाजवायचे बुलबुल तरंगाचे विजेवर चालणारे रूप; त्याचे मूळ जपानी ताइशोगोतोत आहे. अमेरिकन बँजो निराळा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी भोपळ्यावर कातडे ताणून जी वाद्ये केली त्यांतून तो आला. पुढे तो गोऱ्या डोंगराळ लोकांचे वाद्य म्हणूनच ओळखला जाऊ लागला. रियानॉन गिडन्सचे मोठेपण हे की तिने ही ओळख वादनातून दुरुस्त केली. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या बून येथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा झाला, तिथे ती, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन एकत्र आले. मग मेबेन गावच्या जो थॉम्पसन या ऐंशी पार केलेल्या फिडलवादकाच्या घरी ते दर गुरुवारी जाऊन बसू लागले. लिहिलेले संगीत समोर नव्हते. थॉम्पसन वाजवत, हे तिघे बरोबर वाजवत. आपल्याकडच्या तालमीसारखीच ही पद्धत. कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स या नावाने त्यांनी काढलेल्या २०१० च्या अल्बमला ग्रॅमी मिळाले आणि थॉम्पसन यांचे नाव त्यांनी प्रत्येक ठिकाणी घेतले. गिडन्स १८५८ च्या एका बँजोवरून बनवलेला, फ्रेट नसलेला बँजो वाजवते. सरोद ऐकलेल्या कानाला त्यातली मींड लगेच ओळखीची वाटेल.

बँजो मागवायचा असेल तर पाच तारांचाच मागवा. चार तारांचा टेनर बँजो स्वस्त दिसला तरी या संगीताला तो चालत नाही. पाचवी तार आखूड असते आणि तिची खुंटी दांड्याच्या मध्येच, पाचव्या फ्रेटजवळ असते, ही खूण. खोक्यातून काढताना ब्रिज बहुतेक वेळा आडवा पडलेला असतो, कारण तो चिकटवलेला नसतो, फक्त तारांच्या दाबाने उभा राहतो. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मोजा आणि बाराव्या फ्रेटपासून तेवढ्याच अंतरावर ब्रिज उभा करा. तो चार मिलिमीटर जरी सरकला तरी वरच्या फ्रेटवर सगळे बेसूर वाजते आणि माणूस खुंट्या पिळत बसतो. कातड्याचा बँजो कोकणातल्या पावसात ढिला पडणारच. शिकायला प्लास्टिकच्या पडद्याचा बरा. तारा पाचवीपासून पहिलीपर्यंत जी-डी-जी-बी-डी अशा लावा.

‘क्लॉहॅमर’ वादनात बोटे तार उचलत नाहीत, तर्जनीचे किंवा मधल्या बोटाचे नख वरून खाली आपटते. हाताचा आकार दारावर टकटक करताना असतो तसा. नख ज्या क्षणी सुरावटीच्या तारेवर पडते त्याच क्षणी अंगठा पाचव्या तारेवर टेकलेला असला पाहिजे. हात वर येताना तो ती तार आपोआप सोडतो. म्हणजे एक लांब ठोका सुरावटीचा, मग एक आखूड ठोका नखाने वरच्या तारांवर, मग एक आखूड ठोका अंगठ्याचा. ‘धाऽ तिट’ असे तोंडाने म्हणत हात बसवणाऱ्यांना हे लवकर जमते. न जमण्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते. नख खाली पडते पण अंगठा हवेत राहतो आणि मग तो पाचवी तार शोधायला धावतो. अंगठा आधी टेकवायचा, एवढी सवय लागेपर्यंत डाव्या हाताने एकही फ्रेट दाबू नये.

वुडी गथ्री यांच्या वारशाचा प्रकार आणखी निराळा. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा मागे हजारांहून जास्त गीते राहिली होती, फक्त शब्द. ते चाली बहुधा डोक्यातच ठेवत, त्या त्यांच्याबरोबर गेल्या. १९९० च्या दशकात त्यांच्या कन्या नोरा गथ्री यांनी हे कागद इंग्लंडचा गायक बिली ब्रॅग याच्यासमोर ठेवले. ब्रॅगने शिकागोच्या विल्को गटाला जोडीला घेतले आणि १९९८ मध्ये ‘मर्मेड ॲव्हेन्यू’ आला. गथ्री कोनी आयलंडला ज्या रस्त्यावर राहत त्याचे हे नाव. जुन्या गथ्रीसारखे वाजवायचे नाही, शब्द त्यांचे आणि चाल आपल्या काळाची, ही त्यांची भूमिका आम्हाला पूर्ण पटते. क्लेझमॅटिक्स या ज्यू लोकसंगीताच्या गटाने २००६ मध्ये गथ्रींच्या शब्दांना क्लेझमर चाली दिल्या. ऐकायला जोडणी अनपेक्षित वाटते. पण गथ्रींच्या सासूबाई अलाइझा ग्रीनब्लॅट स्वतः यिडिश कवयित्री होत्या, हे कळले की तीच चाल घरची वाटते. गथ्री स्वतःही चाली उसन्या घेत. ‘धिस लँड इज युअर लँड’ त्यांनी २३ फेब्रुवारी १९४० ला लिहिले, आणि त्याची चाल कार्टर कुटुंबाच्या एका भजनाच्या अगदी जवळची आहे. म्हणजे मेबेलबाईंचा अंगठा शिकलात तर गथ्रींच्या निम्म्या वाटेवर आलातच.

इंग्रजी शब्दांना चाल लावताना किंवा ते नुसते गाताना मराठी गळ्याची एक विशिष्ट चूक होते. आपले छंद मात्रांवर चालतात, दीर्घ अक्षर आले की आपण ते ओढतो. ही गीते आघातांवर चालतात. ओळीत साधारण चार आघात असतात आणि मधली अक्षरे कमी-जास्त झाली तरी चालतात. म्हणून गिटार हाती घेण्याआधी ओळ मोठ्याने वाचा, जिथे जोर पडतो तिथे पेन्सिलीने खूण करा, पायाचा ठेका धरून ती खुणेची अक्षरे पायाबरोबर पडतात का ते पाहा. पडत नसतील तर ओळीची सुरुवात अर्धा ठोका मागे-पुढे करा. दीर्घ स्वर ओढायचा मोह आवरा.

ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या २००६ च्या पीट सीगर अल्बमबद्दल थोडक्यात. त्यातल्या १३ गाण्यांपैकी बहुतेक सगळी सीगर यांनी रचलेली नाहीत, त्यांनी लोकांपर्यंत पोचवलेली जुनी गाणी आहेत, आणि सीगर यांना याहून योग्य मानवंदना नाही. १९९७, २००५ आणि २००६ मध्ये एकेक दिवस, न्यू जर्सीतल्या घरी, तालमीशिवाय हे मुद्रण झाले. असा मोठा ताफा जमवून कोणी वाजवणार असेल तर एवढेच सांगू की एका वेळी एकच वाद्य सुरावट वाजवेल. फिडल पुढे असेल तेव्हा बँजोने फक्त ठेका धरायचा आणि ॲकॉर्डियनने कॉर्ड लांबवायचे. सगळ्यांनी एकदम सुरावट घेतली की गर्दी होते. २००९ च्या जानेवारीत लिंकन स्मारकासमोर सीगर आणि स्प्रिंगस्टीन यांनी ‘धिस लँड’ गायले तेव्हा खासगी मालकीच्या पाटीचे, शाळेच्या पुस्तकांत सहसा गाळलेले कडवेही घेतले. तुम्हीही ते गाळू नका. ते काढले की गाणे निसर्गवर्णन होऊन बसते.

सीगर यांच्या नावाशी जोडलेले एक गाणे तर आपल्या शाळाशाळांतून घुमते, ‘हम होंगे कामयाब’. गिरिजाकुमार माथुर यांनी ते हिंदीत आणले. मूळ इंग्रजी गाणे, ‘वी शॅल ओव्हरकम’, चर्चमधल्या भजनांतून आले. साउथ कॅरोलिनाच्या चार्ल्सटनला १९४५-४६ च्या संपात तंबाखू कारखान्यातल्या कृष्णवर्णीय कामगार स्त्रिया ते गात. तिथून ते टेनेसीच्या हायलँडर शाळेत झिल्फिया हॉर्टन यांच्याकडे आले, त्यांच्याकडून सीगर यांच्याकडे. कर्ते म्हणून ज्या चौघांची नावे लागली त्यांनी मानधन स्वतःकडे न ठेवता हायलँडरच्या निधीला दिले, आणि २०१८ मध्ये न्यायालयीन तडजोडीनंतर हे गाणे सर्वांसाठी खुले झाले. शाळेच्या संमेलनात सूत्रसंचालकाने यातली दोन वाक्ये जरी सांगितली तरी मुलांना आपण कोणाचे गाणे गातो ते कळेल.

उरला हक्कांचा भाग, कारण आता प्रत्येक जण मुद्रण करून नेटवर टाकतो. आपल्या कायद्यात रचनेचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. गथ्रींच्या शब्दांसाठी ही मुदत २०२७ अखेर संपते, कॉटनबाईंसाठी २०४७ अखेर. तोवर नुसते गाण्यालाही परवाना लागू शकतो आणि मराठी भाषांतर करून गाण्याला तर परवानगी लागतेच, कारण भाषांतर हा वेगळा हक्क आहे. गाणे खरेच पारंपरिक असेल तर शब्द आणि चाल मोकळी असते, पण कोणाच्या तरी तबकडीतला तुकडा कापून वापरणे मोकळे नसते.

आणि व्हिडिओखाली काय लिहावे, हा प्रश्न आम्हाला शिकणारी मुले नेहमी विचारतात. ‘फ्रेट ट्रेन’ वाजवले असेल तर असे लिहा : शब्द, चाल आणि मूळ गिटारवादन एलिझाबेथ कॉटन, कारबरो, नॉर्थ कॅरोलिना, १९५८ च्या फोकवेज मुद्रणावरून बसवले, त्या डाव्या हाताने, गिटार उलटी धरून वाजवत, इथे उजव्या हाताने, खर्ज अंगठ्याने वाजवला आहे. चार ओळी होतात. आपले नाव त्यांच्याखाली.

आपले नम्र,
गिटार आणि बँजो शिकवणारे दोन वाचक, पुणे